मुंबईत जुनी कॉमिक्स आणि एलपी जमवायला सुरुवात करताना

जुनी कॉमिक्स आणि रेकॉर्ड, दोन्हींचा नाद मला एकाच मे महिन्यात लागला. दहावीची परीक्षा देऊन मामाकडे विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहायला गेलो होतो. त्याच्या कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात इंद्रजाल कॉमिक्सचे बाइंडिंग केलेले चार जाडजूड गठ्ठे होते आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीसेक रेकॉर्ड. प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता. त्यामुळे मी दुपारभर वेताळ, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या गोष्टी, वाचायचो आणि रेकॉर्डच्या कव्हरांमागचा मजकूर पुन्हापुन्हा वाचायचो. ती गाणी प्रत्यक्ष ऐकायला पुढे सहा वर्षं गेली.

त्यानंतर मी बराच पैसा वाया घालवला आणि एक-दोन वस्तू अशा बिघडवल्या की त्यांची आठवण आजही त्रास देते. ओळखीतली नवी मुलं आता विचारतात, "दादा, सुरुवात कुठून करू?" त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो, ते इथे क्रमाने लिहितो. किंमत वाढेल म्हणून जमवणाऱ्यांना यातून फारसं मिळणार नाही. वाचायला आणि ऐकायला घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

१. पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका

हे ऐकून मुलं हिरमुसतात, पण मी यावर ठाम आहे. आधी स्वतःचं मत तयार होऊ द्या. कोणता चित्रकार आपल्याला धरून ठेवतो, कोणता अल्बम तिसऱ्यांदा लावावासा वाटतो, हे कळण्याआधी बाजारात गेलात तर दुकानदार देईल ते घेऊन याल.

बहुतेक सगळे अल्बम आज फोनवर ऐकता येतात. फक्त एक करा: अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, कव्हरवर छापलेल्या क्रमाने ऐका. एलपीची, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डची, एक बाजू साधारण २० ते २५ मिनिटांची असते. गाण्यांचा क्रम लावणाऱ्याने ती बाजू डोळ्यांसमोर ठेवलेली असते. बीटल्सच्या १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड'ची दुसरी बाजू घ्या. तिच्यात छोटी छोटी गाणी एकमेकांत विरघळत जातात. त्यातलं एखादंच गाणं मध्येच ऐकलंत तर ते अर्धवट वाटेल, आणि ते अर्धवट आहेच. पूर्ण बाजू ऐकल्यावर त्याची जागा कळते.

सुरुवातीला ऐकायला मी तीन अल्बम सांगतो.

पहिला 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांमधून मांडलाय: सकाळच्या अहिर भैरवपासून निघून पहाडीपर्यंत. शास्त्रीय संगीत 'कळत नाही' म्हणणाऱ्यांना मी हाच देतो आणि सोबत सांगतो की कळून घेऊ नका, दिवस कुठवर आला ते ऐका. या अल्बमचे निर्माते जी. एन. जोशी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरा 'शिवकल्याण राजा', १९७४. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हाचा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. यातली एकदोन गाणी आपण गणपतीत लाउडस्पीकरवर इतकी ऐकलेली असतात की आपल्याला अल्बम माहीत आहे असं वाटतं. तो समज चुकीचा आहे. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे वेगवेगळ्या काळांतले कवी एकामागून एक येतात, चाल दरवेळी त्या भाषेचा बाज धरते, आणि हे सगळं एका बैठकीत ऐकल्यावरच जाणवतं. माझ्या मते मराठीत याच्या तोडीचा अल्बम, म्हणजे अल्बम म्हणून रचलेला, दुसरा नाही.

तिसरा जॅझ वादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. मार्च आणि एप्रिलमधल्या फक्त दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे त्या टेपवरून निघालेली पहिली बाजू कित्येक वर्षं जराशी वेगात, म्हणजे सूर किंचित चढा होऊन विकली गेली. ही चूक १९९२ मध्ये दुरुस्त झाली. जुनी प्रत नेहमीच जास्त 'खरी' असते असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण आठवा.

कॉमिक्सचंही तसंच. मित्राकडून आणा, वाचनालयात बघा. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. ती कॉमिक्स नव्हेत, पण मराठी चित्रकारांची रेषा ओळखायला त्यासारखी शाळा नाही. मग अमर चित्र कथेचे दहा-बारा अंक समोर घ्या आणि चित्रकाराचं नाव झाकून ओळखायचा प्रयत्न करा. राम वाईरकरांची रेषा गोलसर, खेळकर. 'कृष्ण'मधला बाळकृष्ण त्यांचा आणि 'टिंकल'मधला सुप्पंडीही त्यांचाच. हे कळल्यावर मी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. डोळ्यांतला तो मिश्कीलपणा दोघांत एकच आहे. प्रताप मुळीकांची माणसं मात्र भरीव, पिळदार, अंगावर प्रकाश पडल्यासारखी. माझं मन वाईरकरांकडे झुकतं. तुमचं कुठे झुकतं ते वहीत लिहून ठेवा.

अमर चित्र कथेवर माझा एक आक्षेपही आहे. नायक गोरे आणि असुर काळेसावळे, ही रंगांची वाटणी अंकामागून अंक चालत राहते. लहानपणी ती दिसत नाही, पण डोक्यात जाऊन बसते. मुलांसाठी घेणार असाल तर त्यांच्याशी यावर बोला.

इंद्रजालमध्ये ली फॉकचे वेताळ आणि मँड्रेक सगळ्यांना माहीत असतात. मला विचाराल तर बहादूरपासून सुरुवात करा. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी तो उभा केला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, गावातल्या लोकांना संघटित करून डाकूंशी लढणारा. वेताळाच्या जंगलातली सगळी रचना एका माणसाच्या दंतकथेवर उभी असते. बहादूर एकटा पुरा पडत नाही, त्याला नागरिक सुरक्षा दल लागतं. मला हे आज जास्त पटतं. हेच सुरती पुढे मिरा रोडला प्लंबर सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देत फिरू लागले, हे वाचलं तेव्हा बहादूर कुठून आला असेल ते समजलं.

परदेशी कॉमिक्समध्ये 'टिनटिन इन तिबेट' घ्या. १९६० मध्ये पुस्तकरूपात आलेल्या या गोष्टीत खलनायकच नाही. एक मुलगा बर्फात हरवलेल्या मित्राला शोधतो, एवढंच. पांढऱ्या कोऱ्या पानातून हर्जेने किती थंडी उभी केली आहे ते बघा.

२. पिशवीत काय काय हवं

– एक लहान वही आणि पेन्सिल. फोनमध्ये नोंद केलेली पुन्हा बघितली जात नाही, हा अनुभव.
– भिंग. दहापट मोठं दाखवणारं, सोनार डोळ्याला लावतात तसलं.
– मोबाइलचा टॉर्च.
– मऊ कोरडं सुती फडकं.
– जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एलपीच्या कव्हरपेक्षा थोडे मोठे, म्हणजे साधारण सव्वा फूट बाय सव्वा फूट. लोकलमध्ये रेकॉर्ड यांच्यामध्येच ठेवा. गर्दीत एक कोपर लागलं की कव्हर दुमडतं.
– मोठी प्लास्टिकची पिशवी, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत न चुकता.
– सुट्टे पैसे. फूटपाथवर आता यूपीआय चालतं, पण ५० आणि १०० च्या नोटा हातात दिसल्या की घासाघीस लवकर मिटते.

कागदपत्रं म्हणाल तर इथे काही लागत नाहीत. परदेशातून मागवताना लागतात, ते पुढे येईल.

३. कुठे जायचं

आधी तुमच्या घराजवळचा रद्दीवाला. यावर लोकांचा विश्वास बसत नाही. माझ्या संग्रहातली निम्मी मराठी कॉमिक्स रद्दीच्या दुकानांतून आली आहेत. कुटुंब घर बदलतं, आजोबा जातात, सोसायटी पुनर्विकासाला जाते, आणि माळ्यावरचा सगळा कागद किलोवर जातो. रद्दीवाल्याला आधी भेटून ठेवा, नंबर द्या आणि सांगा, "लहान मुलांची चित्रांची जुनी पुस्तकं आली तर फाडायच्या आधी मला कळवा, रद्दीपेक्षा जास्त देईन." आणि खरंच द्या. एकदा चांगला भाव दिलात की तो तुम्हाला विसरत नाही.

दुसरं माटुंग्याचं किंग्ज सर्कल, म्हणजे महेश्वरी उद्यानाजवळचे फूटपाथवरचे पुस्तकवाले. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनवरून पूर्वेला उतरून चालत जाता येतं. इथे अभ्यासाची पुस्तकं जास्त, पण मागे कॉमिक्सचे गठ्ठे असतात. गठ्ठा मधूनच उपसू नका. विक्रेत्याला सांगा, तो स्वतः उतरवून देतो. मी पहिल्यांदा खालून अंक ओढला आणि वरची सगळी पुस्तकं फूटपाथवर पसरली. तो माणूस काही बोलला नाही, मुकाट्याने पुन्हा रचू लागला. मग मीही खाली बसून रचू लागलो. त्या दिवसापासून आमची ओळख आहे.

तिसरं फ्लोरा फाउंटन, हुतात्मा चौकाच्या आसपासचे पुस्तकवाले. एकेकाळी इथे पुस्तकांच्या भिंती होत्या, आता बरेच कमी उरलेत. टिनटिन, अ‍ॅस्टेरिक्स आणि अमेरिकन कॉमिक्स इथे मिळतात. जवळच किताबखाना आहे, तिथे नवीन प्रती चाळून मत बनवता येतं. जुन्या मंडळींकडून तुम्हाला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसच्या आणि फोर्टातल्या स्ट्रँड बुक स्टॉलच्या आठवणी ऐकायला मिळतील. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, स्ट्रँड २०१८ मध्ये. शोधत फिरू नका.

रेकॉर्डसाठी चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीट. सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोडवरून चालत जाता येतं. एक घोळ नेहमी होतो: तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुकानात निवांत बसून निवडायचं असेल तर शुक्रवार सोडून जा. जमिनीवर पसरलेल्या सामानातून शोधायचं असेल तर शुक्रवारी उजाडता उजाडता. पहिल्या खेपेला दुकानातच जा. नवीन रेकॉर्ड आणि प्लेअर एकाच छताखाली बघायचे असतील तर माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब आहे. सुया, केबल, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती यासाठी लॅमिंग्टन रोड.

४. कॉमिक अंक हातात घेतल्यावर

आधी मधली पानं बघा. जुने अंक दोन पिनांवर शिवलेले असतात. पिना गंजल्या की मधलं पान सुटतं, आणि गोष्टीचा कळसाचा भाग हमखास तिथेच असतो. पानं मोजा. शब्दकोड्याचं किंवा कूपनचं पान कापलेलं आहे का ते बघा.

मग पिनांची भोकं. पिना नव्या चकचकीत आणि शेजारी जुनी रिकामी भोकं दिसली तर अंक पुन्हा शिवलेला आहे. त्यात कव्हर एका अंकाचं आणि आतली पानं दुसऱ्याची असू शकतात.

आता भिंग काढा. जुन्या छपाईत रंग बारीक ठिपक्यांचा असतो आणि ठिपक्यांची जाळी नीट ओळीत दिसते. रंगीत झेरॉक्स किंवा प्रिंटरवर काढलेल्या कव्हरवर ती जाळी विस्कटलेली असते, किंवा रंग कागदावर पसरलेला दिसतो. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांची अशी नकली कव्हरं बाजारात फिरतात. पहिला अंक मार्च १९६४ चा, किंमत ६० पैसे. तो फूटपाथवर कुणी स्वस्तात देत असेल तर भिंगाशिवाय पैसे काढू नका. इंद्रजाल आधी मासिक होतं, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक, आणि १९९० मध्ये बंद झालं. आठशेवर अंक निघाले. 'पूर्ण सेट' हा शब्द ऐकला की जरा थांबा.

अमर चित्र कथेत नवशिके पुनर्मुद्रणावर फसतात. १९६७ मध्ये अनंत पैंनी सुरू केलेली ही मालिका आजही छापली जाते, त्यामुळे एकेका अंकाच्या अनेक आवृत्त्या आहेत. आतली छपाईची नोंद आणि कव्हरवरची किंमत दोन्ही वाचा. नुसतं वाचायला हवं असेल तर नवीन प्रत घ्या, कागद चांगला असतो. जुन्या प्रतीचा जास्त भाव फक्त जुन्या छपाईसाठी द्या.

बाइंडिंग केलेल्या गठ्ठ्यांबद्दल माझं मत बहुतेक संग्राहकांपेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात घेऊ नका, कारण बाइंडरने कडा कापलेल्या असतात आणि कधीकधी कव्हरं काढून टाकलेली असतात. ते खरं आहे. पण मराठी घरांत मुलांचे अंक बाइंड करून ठेवायची पद्धत होती, आणि त्याचमुळे ते टिकले. मामाच्या गठ्ठ्यांत एकही पान गळलेलं नाही. वाचायला हवे असतील तर आनंदाने घ्या. भाव मात्र सुट्या अंकांचा देऊ नका, आणि घरी आणून ते सुटे करायच्या भानगडीत पडू नका.

सेलोटेप लावलेला अंक मी घेत नाही. काही वर्षांत तो चिकटपट्टीचा भाग तपकिरी होतो आणि खालची शाई घेऊन निघतो.

५. प्लेअर घेताना

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

सूटकेससारखे उघडणारे, आतच स्पीकर असलेले स्वस्त प्लेअर टाळा. दिसायला फार गोड असतात. त्यांची सुई रेकॉर्डवर चार-पाच ग्रॅम वजनाने बसते, आणि बहुतेकांत ते वजन कमी करायची सोय नसते. चांगल्या प्लेअरवर ते साधारण दीड ते दोन ग्रॅम असतं. सुई धरणाऱ्या आर्मच्या मागे फिरवता येणारं वजन आहे का आणि सुई बदलता येते का, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे बोला.

मग फोनो प्रीअ‍ॅम्प. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि टीप जास्त केलेली असते, नाहीतर खाचा फार रुंद होतील. ऐकताना ते उलटं करून मूळ आवाज आणायचं काम प्रीअ‍ॅम्प करतो. तो नसेल तर आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो आणि माणूस उगाच रेकॉर्डला दोष देतो. काही प्लेअरमध्ये तो आतच असतो. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट मला फार महागात पडली. मी एका विक्रेत्याकडून अमेरिकेहून आलेला सुंदर जुना प्लेअर घेतला. ११० व्होल्टचा होता. विक्रेता म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर लावा, काही प्रॉब्लेम नाही." ट्रान्सफॉर्मर लावला, लताबाईंची रेकॉर्ड ठेवली, आणि आवाज असा आला की कुणी झोपेत गातंय. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या एसी मोटरचा वेग तिच्यावरच ठरतो. म्हणजे मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ फेऱ्या. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी चारचं गाणं पांढरी चारच्याही थोडं खाली उतरतं. तो प्लेअर अजून कपाटावर आहे, पुली बदलून देणारा माणूस मी शोधतोय. तुम्ही परदेशी जुना प्लेअर घेताना मागची पट्टी वाचा: २२० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, दोन्ही हवेत. डीसी मोटरचा, अ‍ॅडॅप्टरवर चालणारा असेल तर फ्रीक्वेन्सीची चिंता नाही, योग्य अ‍ॅडॅप्टर तेवढा बघा.

घरी आणल्यावर पाणसळ ठेवून प्लेअर सपाट करा. रुळांजवळ किंवा जुन्या लाकडी तुळयांच्या इमारतीत राहत असाल तर टेबलाऐवजी भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा. चालताना फरशी हलली की सुई उडी मारते.

६. रेकॉर्ड निवडताना

रेकॉर्ड कव्हरातून काढताना बोटं कडेला आणि मधल्या लेबलला लागू द्या, काळ्या भागाला नको. टॉर्चखाली तिरकी धरा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात. नख हलकेच फिरवल्यावर अडकतं असा ओरखडा असेल तर ठेवून द्या. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलेली आहे का ते बघा.

लेबलवर मधल्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतील. रेकॉर्ड ठेवताना भोक शोधत फिरवल्याच्या त्या खुणा. जितक्या जास्त, तितकी ती वाजवलेली. पृष्ठभाग चकचकीत दिसला तरी या रेघा खोटं बोलत नाहीत.

कव्हरावरचा क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक जुळवा. आत वेगळीच रेकॉर्ड निघणं चोर बाजारात रोजचं आहे, त्यात फसवणूक असतेच असं नाही. घरोघरी लग्नकार्यांत रेकॉर्डची अदलाबदल व्हायची.

दुकानात वाजवून मिळत असेल तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा. मध्याकडे खाचांचा घेर लहान होतो आणि झीज तिथे आधी ऐकू येते. शेवटचं गाणं स्वच्छ असेल तर बाकीची बाजू बहुतेक ठीकच असते. चोर बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला हे शिकवलं. मी पहिलं गाणं ऐकून मान डोलावत होतो, त्याने सुई उचलून आतल्या बाजूला ठेवली आणि म्हणाला, "अब सुनो भाईजान, फिर पैसा निकालो."

एक गंमत मुंबईकरांसाठी. बीटल्सच्या रेकॉर्ड शोधत असाल तर 'लेडी मॅडोना'ची छोटी रेकॉर्ड पलटून बघा. मागचं 'द इनर लाइट' जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये फोर्टातल्या, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून घेतलं, आपल्या इथल्या वादकांना घेऊन. गायनाचा भाग नंतर लंडनमध्ये झाला. त्या रस्त्यावरून मी रोज ऑफिसला जायचो आणि मला हे माहीत नव्हतं.

७. धुणं, आणि लाखेच्या तबकड्या

एलपी धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ मायक्रोफायबर कापड. खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल ओलं होऊ देऊ नका, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा आणि उभी ठेवून वाळवा. नळाचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात.

आता जे सांगतो ते नीट वाचा. माझ्या आत्याकडे ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी, एक तबकडी होती, 'रानारानात गेली बाई शीळ'. ना. घ. देशपांडे यांची कविता, आवाज जी. एन. जोशींचा. होय, 'कॉल ऑफ द व्हॅली'चे निर्माते तेच. आधी ते मराठी भावगीताचे गायक होते. आत्याने ती मला दिली तेव्हा म्हणाली, "धुळीने भरलीये रे, पण फुटलेली नाही." मी इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने रेकॉर्ड लखलखीत होते. कापसाचा बोळा भिजवला आणि फिरवला. बोळा काळा झाला. मला वाटलं, किती ही धूळ. दुसरा बोळा घेतला, तोही काळा झाला. तिसऱ्या बोळ्याला तबकडी चिकट लागली, तेव्हा हात थांबला.

ती धूळ नव्हती. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. खाचा गेल्या होत्या. जिथे बोळा फिरला तिथे करडा, ओलसर डाग होता आणि सुई ठेवल्यावर तिथे फक्त खरखर. आत्याला सांगायला मला दोन महिने लागले.

तेव्हा ७८ च्या तबकडीवर अल्कोहोल, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही लावू नका. पाणी आणि साबणाचा थेंब, लवकर पुसून लगेच कोरडी, एवढंच. या तबकड्या एलपीच्या सुईनेही वाजवू नका. त्यांच्या खाचा कितीतरी रुंद असतात, वेगळी जाड सुई लागते. कर्ण्याच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. आणि जपून धरा, हातातून पडली की काचेसारखे तुकडे होतात.

८. पावसाळा

मुंबईत चोरापेक्षा दमट हवेची भीती जास्त. कॉमिक्सना कसर लागते आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात, रेकॉर्डच्या कव्हरांना पांढरी बुरशी येते.

कॉमिक्स पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवा. साड्यांच्या पिशव्या वापरू नका, आत ओल कोंडते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारी घेतलीत तर भरली की कळतं, तव्यावर हलकी तापवून पुन्हा वापरता येते. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की एक दिवस सगळं बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली हवेशीर ठेवा.

एलपी नेहमी उभ्या, एकमेकींना लागून, तिरक्या होऊ न देता ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. माळ्यावर नकोच, स्लॅब तापतो. १०० एलपी म्हणजे २०-२५ किलो, कधी जास्तच. फळी त्या हिशेबाने बसवून घ्या. आतली पीव्हीसीची जुनी पिशवी काढून पॉलिथिनची घाला. पीव्हीसीमुळे रेकॉर्डवर धुक्यासारखा थर येतो आणि तो निघत नाही.

९. परदेशातून मागवताना

पहिल्या वर्षी मागवू नका. मागवलंतच तर कुरिअर कंपनी केवायसी मागते, आधार किंवा पॅनची प्रत तयार ठेवा. विक्रेत्याचं बिल आणि पैसे भरल्याची पावती जपा, कस्टममध्ये किमतीवर शंका आली तर तेच दाखवावं लागतं. ड्युटी आणि कुरिअरचा खर्च धरून वस्तू कितीला पडेल याचा हिशेब आधी करा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, मागे ठेवून पॅक करायला विक्रेत्याला सांगा, नाहीतर वाटेत रेकॉर्डच कव्हरची कड फाडते.

१०. वहीत नोंद

प्रत्येक वस्तूची नोंद त्याच रात्री करा: तारीख, जागा, किंमत, अवस्था आणि पहिल्यांदा ऐकल्यावर किंवा वाचल्यावर काय वाटलं ते. सहा महिन्यांनी तेच पुन्हा ऐका आणि खाली दुसरी नोंद करा. दोन्हींत बदल नसेल आणि दुसऱ्यांदा ऐकताना कंटाळा आला असेल, तर ती वस्तू दुसऱ्या कुणाला देऊन टाका. माझ्याकडे सध्या ६२ एलपी आहेत, एकेकाळी दोनशेच्या वर होत्या.

नमुन्यासाठी माझ्या वहीतली एक नोंद देतो.

"शुक्रवार, जुम्मा बाजार, सकाळी साडेसहा. ७८ ची तबकडी, 'रानारानात गेली बाई शीळ'. ३०० रुपये. कडेला छोटा टवका, गाण्यापर्यंत पोचत नाही. लेबल फिकट पण वाचता येतं. फक्त पाण्याने पुसली. संध्याकाळी आत्याकडे घेऊन गेलो. तिने पूर्ण ऐकली, मग दुसरी बाजू लावायला सांगितली."